वरवंटा नसलेलं घर

"सुपे पेट्यात वरवंटा फार उशिरा आला असला पाहिजे," परशुरामपंत म्हणाले, आणि दत्तात्रयाच्या हातातला टाक कागदावर तसाच अधांतरी राहिला. टोकाशी शाईचा थेंब फुगला, थोडा वेळ विचार करत लटकला आणि शेवटी कुणाच्या तरी अर्जातल्या 'मेहेरबान' या शब्दावर पडला. परशुरामपंत बेळगावचे. जुने कागद जमवायचा त्यांना नाद होता, आणि तोही साध्यासुध्या कागदांचा नव्हे. राजेरजवाड्यांच्या बखरी पुष्कळ झाल्या, असं त्यांचं म्हणणं. माणूस कसा जगला हे तो मेल्यावर केलेल्या यादीतच सापडतं. किती हंडे होते, किती घोंगड्या होत्या, दाराला कडी होती की दोर. म्हणून ते मृत्युपत्रं आणि जिनसांच्या याद्या शोधत गावोगाव हिंडत, आणि गेले आठ दिवस सुप्यात दत्तात्रयाच्या पडवीत उतरले होते. आठ दिवसांत पेट्यातल्या, म्हणजे सुप्याच्या अंमलाखालच्या गावांतल्या, चाळीस मेलेल्या घरांत त्यांनी डोकावून पाहिलं होतं आणि स्वतः दत्तात्रयाच्या बायकोनं केलेल्या अळवाच्या भाजीवर जिवंत राहिले होते. दत्तात्रय हा दस्त लिहिणारा. कचेरीसमोरच्या पडवीत बसून खरेदीखतं, मृत्युपत्रं, अर्ज लिहायचा. सरकारला कानडीतून, घरच्यांना मराठीतून. वीस वर्षांत जे जे लिहिलं त्यातल्या बहुतेकाची नक्कल त्यानं पेटीत ठेवली होती, आणि ती पेटी त्यानंच आपल्या हातानं पंतांपुढं उघडली होती. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो तेव्हा तो धोंडा आधी नीट पुसून घेतो.

"हे बघा," पंत म्हणाले. "मौजे कुंभारवाडा, मयत येसाजी याचे घर, सन एकोणीसशे दहा. पाटा एक, वरवंटा नाही. जात्याची खालची तळी एक, वरची नाही. उखळ एक, मुसळ नाही. आता जात्याची एकच तळी ठेवून कोणी दळतं का? त्याअर्थी हे दगड केवळ पूजेला असावेत. दुसरं अनुमान तर याहून पक्कं. फणी नाही, लुगडं नाही, विळीसुद्धा नाही. म्हणजे घरात बाई नव्हती. येसाजी सडाफटिंग होता." त्यांनी कागद उजेडाला धरला. "अक्षर मात्र सुरेख. कोणाचं?"

"माझंच."

"मग काय, सोन्याहून पिवळं! यादी करणारा हयात सापडतो कुठं? घरात बाई नव्हती एवढं एका ओळीत लिहा आणि खाली सही ठोका."

दत्तात्रय "असेल," एवढंच म्हणाला. मग हे उत्तर प्रश्नाला जुळत नाही असं त्याच्या लक्षात आलं, म्हणून पुन्हा एकदा म्हणाला, "असेल." समोर रस्त्यावरून बांबूच्या गाड्या चालल्या होत्या. बैलांच्या गळ्यातल्या घंटा रोजच्याच होत्या, तरी आज त्यांचा आवाज कुणीतरी आत बसून भांडं आपटतंय असा येत होता. घरात बाई नव्हती. पंधरा वर्षं तो नंदिगड्ड्याची वाट टाळत आला होता. त्या बाजूचं काम आलं तर उन्हाळ्यात ताप यायचा, पावसाळ्यात ओढा भरायचा आणि हिवाळ्यात दोन्ही व्हायचं. एकदा तर नंदिगड्ड्यापलीकडच्या वाडीत जायला तो एवढा मोठा वळसा घालून गेला की पोचेपर्यंत ज्याचं मृत्युपत्र करायचं तो माणूस बरा होऊन शेतावर गेला होता. एवढं सगळं जिला टाळायला केलं ती बाई कधी नव्हतीच, असं आता विद्वानांनी सांगावं, आणि तेही त्याच्याच अक्षराच्या आधारानं! क्षणभर त्याला हलकं वाटलं. सही करायला हात पुढं गेला. नव्हती तर नव्हती. हलकं वाटलं, याचीच मग त्याला किळस आली.

होती. केशर तिचं नाव. पंधरा वर्षांपूर्वी येसाजी तापानं झिजला तेव्हा त्यानं दत्तात्रयाला कुंभारवाड्याला बोलावून घेतलं होतं. दत्तात्रय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, नवी काळी टोपी, आणि आपल्या भाषेबद्दल पेट्यात बोललं जातं अशी त्याची समजूत. (बोललं जात होतं ते टोपीबद्दल.) आत झापाच्या खोलीत येसाजी पडला होता. उशाशी त्याच्या मेलेल्या भावाचा मुलगा झिलू, वीस-बावीस वर्षांचा, नखं खात बसलेला. मूलबाळ नसल्यानं झिलूच पुढचा धनी. कुडाच्या आड केशर उभी होती. दिसत नव्हती, पण कुडाच्या फटीतला उजेड एका उभ्या पट्ट्यापुरता अडला होता. साक्षीचे दोघे बाहेर अंगणात पान खात बसले होते, कारण आत तापाचा वास येत होता आणि अंगठा द्यायला कानाची गरज नसते. येसाजी दम घेत घेत म्हणाला, "घर, शेत झिलूनं सांबाळावं. घरातलं सामान तिचं. आन तिला हितंच ऱ्हाऊ द्यावं." झिलू म्हणाला, "व्हय काका." दत्तात्रयानं लिहायला घेतलं. गुरूनं त्याला शिकवलं होतं की मिळकतीचे प्रकार दोन, स्थावर आणि जंगम. जगात तिसरं काही नसतं. स्थावर पुतण्यास, जंगम पत्नीस. वाक्य असं काही झोकात उतरलं की त्यानं ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. राहता राहिलं 'राहू द्यावे'. ते स्थावरात बसेना, जंगमात बसेना. राहणं ही काही जिन्नस नव्हे. शिवाय कागद संपत आला होता, खाली अंगठ्यांपुरती जागा उरली होती. आणि बायको नवऱ्याच्या घरात राहणार नाही तर काय झाडावर राहणार? हे काय लिहायचं असतं? पुढं कित्येक वर्षं त्यानं स्वतःला ही तीन कारणं आळीपाळीनं सांगितली. खरं कारण चौथं होतं. 'स्थावर पुतण्यास, जंगम पत्नीस' याच्यापुढं 'तिला इथंच राहू द्यावे' हे फार गावठी दिसलं असतं. त्याच्या वाक्याचा तोल गेला असता.

येसाजी गेला. तेराव्यानंतर यादी करायला आणि मृत्युपत्र वाचून दाखवायला दत्तात्रय पुन्हा तिथं गेला. अंगणात घोंगडी घातली होती. पंच म्हणून भिकाजी आला होता. गावात कुणाची म्हैस व्यायली तरी पंच म्हणून जाणारा हा माणूस. दत्तात्रयानं खणखणीत आवाजात वाचलं. 'जंगम पत्नीस' झालं, आणि खाली अंगठ्यांची नावं आली. झिलूनं मान वर केली. तोही पुढचं वाक्य यायची वाट बघत होता, हे दत्तात्रयाला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मग झिलूनं मान खाली घातली, आणि ती खाली घालताना वाक्य न आल्याचा त्याला पहिल्यांदाच काही अर्थ लागला. दारातून केशर म्हणाली, "झालं, अण्णा? आनिक कायतरी व्हतं न्हवं?"

तेव्हा पाच माणसं होती, ऊन होतं, बोलायला तोंड होतं. पण मृत्युपत्रात चूक आहे असं लिहिणाऱ्यानंच पंचांसमोर म्हणायचं म्हणजे! पेट्यात पुन्हा कुणी त्याच्याकडून चिठ्ठी तरी लिहून घेतली असती का? "नाही, केशरक्का," तो म्हणाला. "इतकंच." ती "बरं," म्हणाली. त्या 'बरं'मध्ये काही नव्हतं. राग असता तर दत्तात्रयाला सोसला असता.

मग यादी सुरू झाली, आणि पाट्यावर अडली. पाटा स्थावर की जंगम? तो अर्धा जमिनीत गाडलेला होता. भिकाजी म्हणाला, "बाईचं सामान न्हवं? मग बाईला उचलतंय का बघा. उचललं तर जंगम, न्हाई तर ऱ्हायलं." तो विनोद म्हणून बोलला होता; सगळे हसले. दत्तात्रयही हसला. पण सुप्याला चार कोस चालत जायचं होतं, जिनसा शंभराच्या घरात होत्या आणि नियम सुटसुटीत होता. त्यानं तो मान्य केला. मग ती एकेक वस्तू उचलायला लागली. सूप उचललं, रोळी उचलली, विळी उचलली. कळशी उचलली. हंडा उचलला, दोन पावलं चालून खाली ठेवला, "चाललं का?" म्हणाली. भिकाजी म्हणाला, "चाललं, चाललं, पुढचं घे." वरवंटा उचलला, पाटा हलेना. वरवंटा जंगम, पाटा स्थावर. जात्याची वरची तळी तिनं पोटाशी धरून उचलली, खालची रुतलेली होती. मुसळ उचललं, उखळ कुठं जाणार? भाताची कणगी आली तेव्हा तिनं बांबूच्या कणगीला दोन्ही हातांनी मिठी मारली. कणगी तिच्या डोक्यापेक्षा उंच. कुणी हसलं नाही. "सुपानं काढून न्हेऊ का?" तिनं विचारलं. झिलू म्हणाला, "काढून न्हेलं तर सगळंच जंगम हुईल, काकी." त्याचं बरोबर होतं. तर्कात कुठंही खोट नव्हती, हेच त्या दिवसाचं भयंकर होतं. दत्तात्रयानं कणगी स्थावरात लिहिली. चुलीशी ती नुसतीच उभी राहिली. "ही उचलत न्हाई," ती आपणच म्हणाली, आणि परत आपल्या सामानाच्या ढिगाशी जाऊन बसली, बाजारात कुणी मडकी विकायला बसावं तशी.

महिन्यानं झिलूचं लग्न ठरलं आणि खोली लागली. कुणी तिला जा म्हटलं नाही म्हणे. सामान आधीच बाहेर होतं, सोपं पडलं. ती नंदिगड्ड्याला भावाकडं गेली. पोटगीचा दावा करता आला असता. दत्तात्रयाला तो लिहिता आला असता. पण तो लिहून देण्यासाठी तिनं त्याच्याच पडवीत यायला हवं होतं, आणि तो तिथं वाट बघत असतानाच ती येऊ नये म्हणून प्रार्थना करत होता. ती आली नाही. प्रार्थना कधी कधी ऐकल्या जातात. तिच्या सामानाची यादी सुट्या कागदावर होती. ती नक्कल न होताच तिच्याबरोबर गेली, आणि मृत्युपत्राची नक्कल दत्तात्रयानं मुद्दामच ठेवली नव्हती. पेटीत राहिली ती झिलूची. अर्धं जातं, अर्धं उखळ, बिनवरवंट्याचा पाटा.

"करताय ना सही?" पंतांनी विचारलं.

"बाई होती," दत्तात्रय म्हणाला. आवाज अर्ज वाचल्यासारखा निघाला. "केशर नाव. वरवंटा तिनं उचलला म्हणून तो या यादीत नाही. आणि तिला इथंच राहू द्यावं असं येसाजी बोलला होता. मी लिहिलं नाही."

पंतांनी चष्मा काढला. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. चांगलं अनुमान मेलं की माणसाला वाटणारच. "कागद?"

"मी सांगतोय ना."

"अहो, तुम्ही म्हणजे कागद नव्हे. मयताच्या तोंडी पंधरा वर्षांनी वाक्यं घालायला लागलो तर इतिहास म्हणून राहील काय?" मग जरा मऊ होऊन ते म्हणाले, "टीप देईन. 'लेखकाच्या स्मरणाप्रमाणे एक स्त्री असावी.'"

असावी. दत्तात्रयानं टाक पुसला, टोपी घातली, घरात सांगितलं की बाहेर जातोय, आणि नंदिगड्ड्याच्या वाटेला लागला. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. ताप नव्हता. इतक्या वर्षांच्या सबबी वाटेत एकेक भेटतील असं त्याला वाटलं होतं, पण वाट नुसतीच वाट होती, कापणी झालेल्या भाताच्या खुंटांतून जाणारी. मनात तो भाषण रचत होता. 'केशरक्का, माझ्या हातून प्रमाद घडला.' प्रमाद नको. 'चूक.' 'घडली' नको, 'मी केली'. अर्ध्या कोसात एका वाक्यावर त्यानं इतके हात फिरवले की शेवटी ते पुन्हा झोकात उतरलं, आणि त्याला ते ओकून टाकावंसं वाटलं.

भाऊ मधल्या काळात वारला होता. त्याच्या घराला लागून एक खोप होती. भावाची सून पारू अंगणात सुपारी कातरत होती. "आत्ते, सुप्याचं कोन तरी आलंय," ती ओरडली. केशर बाहेर आली. वाळून लहान झाली होती. हंडा उचललेले हात ते हेच का, असा प्रश्न पडावा. तिनं गूळपाणी दिलं, बसायला पाट दिला आणि त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. "टोपी बदलली," ती म्हणाली.

रचलेलं भाषण कुठच्या कुठं गेलं. "केशरक्का, ते वाक्य होतं," तो म्हणाला. "तुला इथंच राहू द्यावं. येसाजी बोलला होता. मी लिहिलं नाही."

पारूचा अडकित्ता थांबला. "बोलले व्हते?"

"बोलले होते. झिलूनं व्हय म्हटलं. मी समोर होतो."

"म्या कुडाआडनं ऐकलं व्हतं," ती सावकाश म्हणाली. "पन तुमी वाचलासा तवा त्यात न्हवतं. म्या म्हनलं, मग त्यांनी मागनं तुमाला ते पुसून टाकाय सांगितलं आसंल. मानूस मरताना बायकोला ग्वाड बोलतो, कागदाला खरं सांगतो." ती थांबली. "का न्हाई लिवलं?"

तीनही कारणं हजर झाली. त्यातलं सगळ्यात दुबळं आधी तोंडातून निघालं. "कागदावर जागा नव्हती."

"किती लागली आसती?"

"एक ओळ."

"एक वळ," ती म्हणाली. तिनं हाताचं बोट जमिनीवर ठेवून एवढीशी रेघ ओढली, जागा खरंच किती लागते ते बघावं तशी. तो म्हणाला, झिलूवर दावा लावू, मी साक्ष देतो, दस्त लिहायचा परवाना गेला तरी जाऊ दे. ती ऐकत नव्हती. घराबद्दल ती बोललीच नाही. घर जणू तिनं केव्हाच खाली ठेवलं होतं. तिच्या तोंडावर जे उमटत होतं ते वेगळंच होतं, आणि दत्तात्रयानं त्याची यादी कधी केली नव्हती. "पारू," ती म्हणाली, "म्हाळाला म्या पितरांची किती पानं ठेवते गं?"

"तीन, आत्ते. आजाचं, आजीचं, मामंजींचं."

"त्यांचं न्हाई," केशर म्हणाली. "पंधरा भादवे झाले. म्या त्यांचं पान मांडलंच न्हाई. म्हनलं, ज्यानं मला घराभायेर घातलं त्येनं माझ्या हातचं खाऊ नये. आईबाला वाढायची आन त्यो बसल्यागत वाटायचा हितं कुंपनाला, बघत. तरी न्हाई वाढलं."

"झिलू घालतो की तिकडं," दत्तात्रय म्हणाला. त्याला स्वतःचीच दया आली.

"झिलूचं पान निराळं. माझ्या हातचं निराळं." ती उठली. "उपाशी ठेवलं म्या त्यास्नी. तुमच्या एका वळीपायी." हे ती ओरडून म्हणाली नाही. आत जाऊन दुपारच्या भाताचं भांडं घेऊन आली आणि त्याच्यापुढं फणसाची पानं आणि ती टाचायला झावळीच्या काड्यांचे हीर टाकले. "द्रोण टाचा. पंधरा."

"आत्ते, आज काय म्हाळ न्हाई," पारू म्हणाली. "मार्गशीर्ष लागलाय. लोक हसतील."

"हसू दे. भुकेला काय महिना ठाव आसतो?"

दत्तात्रय द्रोण टाचायला बसला. हीर पानातून आरपार जाईना, गेला तर पान फाटे. ज्याच्या सुरेख अक्षराला पेट्यात जोड नव्हती त्याचे पहिले चार द्रोण भात ठेवण्याआधीच उलगडले. पारूनं तोंडाला पदर लावला; ती हसत होती की काय, ते त्यानं पाहिलं नाही. बोटातून रक्त आलं, ते त्यानं टोपीला पुसलं. पाचवा टिकला. केशर एकेका द्रोणात भात घालून कुंपणाशी नेत होती, प्रत्येक वेळी वाकत होती, काहीतरी पुटपुटत होती, परत येऊन हात पुढं करत होती. दिवसाचा सगळा भात तिकडं गेला. पंधरा द्रोण कुंपणालगत ओळीनं बसले, एक ओळ. तो ते बघत राहिला, ती खोपीच्या दाराशी बसून राहिली. ऊन कललं. भातावर माश्या आल्या. फणसावर दोन कावळे होते, ते मान वाकडी करून खाली बघत होते आणि उतरत नव्हते.

"केशरक्का," तो म्हणाला, "मी..."

"तुमी जावा आता, अण्णा." कावळ्यांवरची नजर तिनं काढली नाही. "तुमी बसलासा म्हनून त्यो उतरंना."

तो उठला. पाय भरून आले होते. पाट उचलून भिंतीला लावावा की तसाच ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी तसाच ठेवला. बांधावरून उतरून तो खुंटांच्या वाटेला लागला. मागं वळून बघायचा आपल्याला हक्क नाही एवढं त्याला त्या वाटेवर कळलं, आणि तेवढं तरी त्यानं पाळलं. ओढ्याशी आल्यावर मागून काव काव ऐकू आली. तो पाण्यात तसाच उभा राहिला, कान देऊन. पण त्या रानात कावळे तसेही दिवसभर ओरडतच असतात.